जेत्याचा कबुलीजबाब
कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली. हे आकडे शत्रूने नव्हे, खुद्द जेत्याने, सम्राट अशोकाने, आपल्या तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले आहेत. राजे प्रशस्ती कोरतात, पश्चात्ताप क्वचितच. म्हणून इतिहासाने अशोकाला थोर ठरवले ते बरेचसे या कबुलीवर. आरोपी आणि साक्षीदार एकच! त्याच लेखात अरण्यातल्या टोळ्यांना दमही भरलेला आहे. आणि ज्या कलिंगचे संसार उद्ध्वस्त झाले, तिथे, धौली आणि जौगड येथे, हा लेख कोरलेलाच नाही. त्याऐवजी प्रजेला लेकरे म्हणणारे, अधिकाऱ्यांना तंबी देणारे वेगळे लेख आहेत. जिंकलेला मुलूख परत केल्याचा उल्लेख मात्र एकाही शिलालेखात नाही.