पारावरचे डॉक्टर

गेल्या दिवाळीत इनामगावच्या पारावर एका जाणत्या गृहस्थांनी निकाल देऊन टाकला: "डिप्रेशनच्या गोळ्या म्हणजे व्यसन. आपल्या वाडवडिलांना कधी लागल्या? चार सऱ्या खुरपा, घाम गाळा, मन आपोआप ठिकाणावर येतं." मंडळींनी माना डोलावल्या. माझ्या चुलतभावाने तर घरी जाऊन आपल्या गोळ्यांचं पाकीटच उकिरड्यावर भिरकावलं.

आधी वाडवडिलांचं बघू. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात इथेच, घोड नदीकाठी, 3000 वर्षांपूर्वीची वस्ती उकरली. मोठी माणसं पुरताना त्यांची पावलं तोडलेली आढळली. भूत होऊन चालत जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. एवढी धास्ती बाळगणारे पूर्वज सुखाने झोपत, हे या गृहस्थांना कुठल्या हाडावर लिहिलेलं दिसलं?

'व्यसन' म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळीची सवय लागते, हे खरं. डिप्रेशनवरच्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन ही जातच वेगळी. त्यांची तलफ येत नाही. पण शरीर त्यांना सरावतं. एकदम तोडल्या की चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. चौथ्या दिवशी चुलतभाऊ मोटर चालू करायला गेला आणि बांधाला धरून मटकन खाली बसला. पार लगेच बोलला, "बघा, व्यसन!" गोळ्या फेकायला लावायच्या यांनी आणि वर चोराच्या उलट्या बोंबा!

घाम गाळायला ना नाही, व्यायामाने फायदा होतोच. पण ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याच्या हातात खुरपं देऊन काय होणार?

याच पाराने पूर्वी टीबीच्या गोळ्याही 'गरम पडतात' म्हणून बदनाम केल्या होत्या. गंमत अशी, की 1950 च्या दशकात आयप्रोनियाझिड या टीबीच्या औषधाने रोगी टवटवीत दिसू लागले आणि तिथूनच डिप्रेशनवरची पहिली औषधं निघाली.

माझं म्हणणं थोडकं आहे. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांवर, घरच्यांनी नजर ठेवावी. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. दारू नको. कंबरदुखीला कुणी ट्रामाडॉल देत असेल, तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने घ्यावी लागते. मग डॉक्टर हळूहळू उतरवतात. शंका असेल तर टेली मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास.

चुलतभाऊ आता गोळीही घेतो, खुरपायलाही जातो. पारावर मात्र बसत नाही.