चिठ्ठी नदीकाठीच का पडते?



२०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर येऊन ठेपली. एक रुपयातला विमा गेला. तेव्हा मंडळात कापणीच्या जागा ठरतात कशा, हा आता आपल्या खिशाचा प्रश्न आहे.

एका महसूल मंडळात जागा दहा-बारा. हजारो एकरांचा निकाल त्याच लावणार. नियम म्हणतो, गाव चिठ्ठीने, गट नंबर चिठ्ठीने, शेतातला प्लॉटही नैर्ऋत्य कोपऱ्यातून चिठ्ठीचे आकडे मोजून. हे शास्त्र परके नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात ते रुजवले. प्लॉट फार लहान घेतला की रेषेवरची ताटे आत मोजली जातात आणि उतारा फुगतो, हेही त्यांनीच दाखवले. उतारा फुगला की भरपाई बुडाली!

आमचे भांडण शास्त्राशी नाही, नुसत्या चिठ्ठीशी आहे. समजा, मंडळातली साठ टक्के कपाशी मुरमाडात, चाळीस टक्के भारी काळीत. मुरमाडात एकरी तीन क्विंटल, काळीत आठ. खरी सरासरी पाच. उंबरठा उत्पादन सहा असेल तर भरपाई निघते. पण दहापैकी सात चिठ्ठ्या नदीकाठच्या काळीत पडल्या, तर सरासरी साडेसहा आणि आपल्या हाती भोपळा. कोणी चोरी केली नाही, तरी मंडळ लुटले गेले. (साहेबांची गाडी पोचेल तेच शेत धरले तर काय होईल, ते बोलायलाच नको.)

म्हणून आधी जमिनीचे थर पाडा. भारी, मध्यम, हलकी. ज्या थरात जेवढा पेरा, तेवढ्या जागा त्याला. चिठ्ठी टाकायची ती थराच्या आत. वरच्या मंडळात मुरमाडाला सहा, काळीला चार. खर्च वाढेल म्हणतील. जागा तेवढ्याच, मग खर्च कशाचा? पीक पाहणी मोबाईलवर होते, आकडे संगणक क्षणात काढतो.

एक कबूल करतो. थर पाडले तरी मंडळाची सरासरी एकच राहणार, आणि मुरमाडवाल्याचे दुखणे तिच्यात झाकले जाणार. ते भांडण वेगळे मांडावे लागेल.

तोवर मागणी एवढीच, की कोणत्या थरात किती जागा ते कापणीआधी चावडीवर लावा. प्रयोगाच्या शेतावर गावची दोन माणसे उभी करा. कपाशीची एकच वेचणी मोजून भागत नाही, प्रत्येक वेचणीचे वजन वहीत उतरवा. आकडा भरल्याशिवाय पंचनाम्यावर सही देऊ नका.