क्रॅश झाला, पुरावा कुठाय?

सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉप निळा पडतो, खाली टक्के सरकत असतात आणि तुम्ही वैतागून पॉवर बटण दाबून धरता. थांबा. ते टक्के म्हणजे विंडोजचा मृत्यूपूर्व जबाब आहे.

रीस्टार्ट झालं की रॅममधलं सगळं जातं. म्हणून सिस्टीम कोसळताना रॅममधली माहिती घाईघाईने डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकते आणि पुन्हा सुरू झाल्यावर तिची डम्प फाइल बनवते. मध्येच बटण दाबलंत, की जबाब अर्धाच. एसएसडीवर जागा हवी म्हणून पेजफाइल बंद करणाऱ्यांचीही हीच गत.

२०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी निळ्या स्क्रीनच्या जागी काळी स्क्रीन आणली. बहुतेकांना ती दोनेक सेकंदच दिसेल, असा कंपनीचा दावा. वेळ वाचतो, मान्य. पण दोन सेकंदांत एरर कोड वाचणार कोण? म्हणजे मागे उरलेल्या फाइलवरच सगळी मदार.

तिची किंमत १९ जुलै २०२४ ला कळली. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. सायबर हल्ला झाला, अशी कुजबुज सुरू होती. पण क्रॅश डम्प उघडले तेव्हा दोष थेट कंपनीच्याच ड्रायव्हरवर आला. प्रोग्रामला २० रकाने मिळत होते आणि तो २१ वा वाचायला गेला! डम्प नसते तर कंपन्या अजून एकमेकांकडे बोट दाखवत बसल्या असत्या.

लिनक्समध्ये यासाठी केडम्प आहे. थोडी रॅम आधीच राखून ठेवायची आणि मुख्य कर्नल पडला की तिथून दुसरा, छोटा कर्नल उठून पंचनामा करतो. २००५ मध्ये आलेल्या या सोयीत आयबीएमच्या बंगळुरूतल्या इंजिनीअर्सचा मोठा वाटा होता, हे आपल्याला कुणी शिकवत नाही.

आता आपल्या कोल्हापुरात या. ऑनलाइन परीक्षेत पीसी बंद पडला, की 'तूच काहीतरी दाबलंस' ऐकायची तयारी ठेवा. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरमधली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद बघायला सांगा. त्यात बगचेक कोड शून्य असेल तर बहुधा लाइट गेली किंवा मशीन अडकून बंद पडलं. शून्य नसेल तर सिस्टीमच कोसळली. काही लॅबमध्ये रीस्टार्टनंतर ड्राइव्ह पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असतं. तिथे डम्प दुसऱ्या ड्राइव्हवर वळवला नसेल तर तोही पुसला जातो. असल्या लॅबमध्ये परीक्षा घेऊन वर पोरांना दोष देणं हा अन्यायच आहे, भावांनो.

घरच्या मशीनवर दुकानदार 'फॉरमॅट मारूया' म्हणाला, तर आधी विंडोज फोल्डरमधलं मिनीडम्प कॉपी करून घ्या. फक्त पूर्ण मेमरी डम्प ग्रुपवर टाकू नका. त्यात तुमचे पासवर्डही असू शकतात.