‘घरात पडून’ एवढ्याने भागणार नाही

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात सत्तरी ओलांडलेली बाई मोडलेल्या मनगटाने दाखल होते, तेव्हा केसपेपरावर दुखापतीचे कारण म्हणून बहुधा दोनच शब्द लिहिले जातात : ‘घरात पडून’. पुष्कळ वेळा ते खरेही असते. उतारवयात हाडे ठिसूळ होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, न्हाणीतली फरशी ओली असते. परंतु ते खरे नसते तेव्हाही हेच दोन शब्द लिहिले जातात, आणि कित्येकदा ते सांगणाराच त्या दुखापतीस कारण झालेला असतो. म्हातारी शेजारीच निजलेली असते; ती मान डोलावते. तिला रात्री परत त्याच घरी जायचे असते.

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय, म्हणजे अवघ्या मराठवाड्याच्या तोंडी असलेली ‘घाटी’, हे या प्रश्नाचा विचार करण्याचे योग्य ठिकाण आहे. १९५६ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय जालना, बीड, परभणी, हिंगोली येथील, तसेच बुलढाणा-जळगावकडच्या गरिबांचाही अखेरचा आधार आहे. येथे वार्धक्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे ज्ञानाची उणीव नाही. उणीव आहे ती हे ज्ञान अपघात विभागाच्या दारापर्यंत आणण्याची.

अपघात विभागच का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. मुलाच्या अंगावरचे वळ शाळेतल्या गुरुजींना दिसू शकतात. तरुण सुनेला निदान माहेर असते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला घराबाहेरचा माणूस भेटतो तो फक्त डॉक्टर, आणि तोही जीवावर बेतल्यावर. ज्याच्या हाती शासनाचा शिक्का आहे आणि ज्याच्यापुढे वृद्धाचे शरीर उघडे होते, असा सार्वजनिक सेवक दुसरा कोणी नाही. ही संधी हुकली की ती पुन्हा येईलच याची शाश्वती नसते.

वैद्यकशास्त्रानेही हा प्रश्न उशिराच पाहिला. मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणांचे वर्णन अमेरिकेत १९६२ साली झाले. वृद्धांना घरात होणाऱ्या मारहाणीचा उल्लेख ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकांत आला तो १९७५ साली. आज जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की, साठीपुढील दर सहांपैकी एका व्यक्तीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. आपल्याकडील वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीत (२०१७-१८) मात्र सुमारे पाचच टक्के वृद्धांनी गैरवागणुकीची कबुली दिली. भारतीय मुलगे जगाच्या तिप्पट सद्गुणी आहेत असा निष्कर्ष ज्यांना काढावयाचा असेल त्यांनी खुशाल काढावा. घरी जाऊन, घरच्यांच्या सावलीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर काय येणार, हे समजण्यास संख्याशास्त्राची आवश्यकता नाही.

ओळखण्याच्या खुणा गूढ नाहीत. कान, मान व दंडाची आतली बाजू येथील काळेनिळे डाग, मनगटाभोवतीचे व्रण, वेगवेगळ्या काळी मोडून सांधलेली हाडे, पडून राहिल्याने माकडहाडाशी झालेल्या व कोणी धुतलेल्याही नसलेल्या जखमा, मधुमेह असूनही महिनोन्‌महिने न मिळालेले औषध, किंवा उलट गप्प बसावे म्हणून अधिकच दिलेली झोपेची गोळी. दुखापत आणि रुग्णालय यांमध्ये गेलेले चार दिवस हीही एक खूण, आणि रुग्णाला बोलूच न देणारा नातेवाईक ही सर्वांत मोठी. अर्थात सावधगिरी हवी. वृद्धांची त्वचा पातळ असते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर नुसत्या धक्क्यानेही डाग उठतो. म्हणून डागावरून निवाडा करावयाचा नसतो. डाग पाहून प्रश्न विचारावयाचा असतो. कॅनडातील डॉक्टरांनी २००८ साली अशी सहा प्रश्नांची यादी तयार केली. त्यांतील पाच प्रश्न वृद्धाला विचारावयाचे, सहाव्याचे उत्तर डॉक्टरने स्वतःच्या निरीक्षणावरून द्यावयाचे. सारे दोन मिनिटांचे काम. ती यादी कुटुंबाच्या डॉक्टरसाठी होती व ती जशीच्या तशी येथे चालेल असे नाही. पण नातेवाइकाला औषधाची चिठ्ठी देऊन खिडकीकडे धाडावे आणि तेवढ्या वेळात म्हातारीशी तिच्या बोलीत चार वाक्ये बोलावीत, एवढे तर गर्दीतही करता येण्याजोगे आहे.

येथेच एक मूलभूत भेद केला पाहिजे. वृद्धांचा छळ म्हणजे संस्कार लोपल्याचा परिणाम, असे लिहिण्याची वर्तमानपत्री प्रथा आहे. एकत्र कुटुंबाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी त्या कुटुंबातल्या विधवेचे जिणे कसे होते याची चौकशी केलेली नसते. छळ दोन प्रकारचा असतो. शहरातला फ्लॅट किंवा शेताचा तुकडा बक्षीसपत्राने लिहून घेऊन नंतर आईला अन्नाला महाग करणारा मुलगा हा एक प्रकार; त्याच्याविरुद्ध कायद्याचा बडगाच हवा. दुसरा प्रकार असा की, बीड-जालन्याचे जोडपे मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर ऊसतोडीला जाते आणि म्हातारी नातवंडांसह गावी राहते. पौषात ती पडते, शेजारी तिला जीपमध्ये घालून आणतात, आणि कागदावर शेरा पडतो : ‘नातेवाईक हजर नाहीत’. मुलगा निर्दय नसतो, तो कोयत्याला बांधलेला असतो. दोन्ही म्हाताऱ्यांची जखम सारखीच दिसते. उपाय मात्र सर्वस्वी भिन्न आहेत. हा भेद पोलीस करू शकत नाही. तो करण्यासाठी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाचे पद असते.

आणि या दुसऱ्या छळाचा कर्ता कोण? वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा ऐंशीहून कमी वयाच्या व्यक्तीमागे दरमहा २०० रुपये ठरला, आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ त्यात एका रुपयाची भर पडली नाही. महाराष्ट्र शासनाने श्रावणबाळ योजनेचे अर्थसाहाय्य २०२३ साली दीड हजारावर नेले, तथापि त्यासाठी वर्षानुवर्षे लावलेली उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपयांची. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत उमर घालविलेल्या कामगारांसाठी भविष्यनिर्वाह योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये ठरले ते १,००० रुपये. बाबा आढाव व अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्मी किंवा दोन हजार, यांतील जी जास्त ती रक्कम मागितली होती, तेव्हा तिजोरीकडे बोट दाखविण्यात आले. ज्याच्या हाती महिन्याला स्वतःचा पैसा आहे त्या वृद्धाला घरात किंमत असते, हे कटू असले तरी सत्य आहे.

कायदा नाही असे नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह अधिनियमाने प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाला निर्वाहभत्ता ठरविण्याचा अधिकार दिला. तोही दरमहा दहा हजारांच्या आत. ही मर्यादा उठविणारे विधेयक २०१९ साली लोकसभेत आले आणि २०२४ मध्ये सभागृहाबरोबरच बरखास्त झाले. कलम २३ अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परत मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ च्या निकालात या कलमाचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावावा असे सांगितले. वृद्धाला कायमचे टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांची कैद किंवा पाच हजारांचा दंड आहे. कलम २० मध्ये सरकारी रुग्णालयांत सर्व ज्येष्ठांना खाटा देण्याचे वचन आहे, आणि त्याच्याच शेजारी ‘शक्य तोवर’ हे शब्दही आहेत. परंतु छळाची शंका आल्यावर डॉक्टरने काय करावे याविषयी हा अधिनियम मौन पाळतो. बालकांच्या लैंगिक छळाबाबत खबर देण्याचे बंधन २०१२ च्या कायद्याने घातले, आणि स्त्रियांच्या कौटुंबिक हिंसेबाबत २००५ च्या कायद्याने रुग्णालयावर उपचाराचे कर्तव्य टाकले. हा दुसरा कायदा म्हाताऱ्या आईलाही लागू पडतो. म्हाताऱ्या बापाला तेवढाही आधार नाही.

सक्तीने पोलिसांत खबर देण्याचा नियम करावा, असे काहींचे म्हणणे आहे. ते मान्य करण्याजोगे नाही. शुद्धीवर असलेली व विचार करू शकणारी म्हातारी लहान मूल नव्हे. पुढे अग्नी देणारा तोच मुलगा आहे, हा विचार तिच्या मनात असतो. नातवाचे तोंड दिसणार नाही ही भीती असते. ‘नको’ म्हणण्याचा तिचा अधिकार मानलाच पाहिजे. मात्र तिच्या नकारामागे दुसरीकडे जागाच नाही हे कारण असेल, तर तो नकार स्वखुशीचा म्हणता येत नाही. जागा देणे हे शासनाचे काम आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे निवासस्थान उभारण्याची कल्पना याच अधिनियमात आहे. तेथेही ‘करील’ ऐवजी ‘करू शकेल’ अशी पळवाट ठेवलेली आहे.

आपल्याच राज्यात वाट घालून दिलेली आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका व ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. घरी मारहाण होणारी स्त्री पोलिसांकडे जाण्यापूर्वी रुग्णालयात येते, हे ओळखून तेथील परिचारिका व डॉक्टरांनाच प्रशिक्षण दिले गेले, आणि समुपदेशनाची खोली रुग्णालयातच उघडली गेली. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही ती केंद्रे निघाली. घाटीत वृद्धांसाठी असे केंद्र काढण्यास नव्या इमारतीची गरज नाही. अपघात विभागालगत एक खोली, रात्रपाळीलाही समाजसेवा अधीक्षक, वार्धक्यशास्त्र विभागाकडून निवासी डॉक्टरांना शिक्षण, सांधलेल्या हाडांपासून वजनापर्यंत सर्व काही नोंदविणारा केसपेपर, आणि रुग्णाला तात्काळ घरी धाडणे धोक्याचे वाटल्यास चार दिवस ठेवून घेण्याची मुभा, एवढ्याने प्रारंभ होऊ शकेल.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. न्यायाधिकरणाचे काम वकिलांवाचून चालावे या हेतूने कायदा रचलेला आहे. अर्ज लिहून देणारा आणि प्रांत कचेरीच्या तारखेला सोबत जाणारा माणूस हवा असतो. तो माणूस तालुक्याच्या शाखेने द्यावा. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक २०२१ पासून आहे. तो गावच्या चावडीवर व रेशन दुकानावर लिहावा. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांच्या गावी मागे राहणाऱ्या वृद्धांची यादी दसऱ्यापूर्वीच करावी आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी. आणि घाटीच्या प्रशासनाला लेखी विचारावे : गेल्या वर्षी साठीपुढील किती रुग्णांच्या कागदावर ‘घरात पडून’ असे लिहिले गेले, आणि त्यांपैकी किती जणांशी नातेवाइकांच्या अनुपस्थितीत कोणी बोलले?