लघुउद्योगांची ऊर्जाबचत आणि फिरोजाबादचा अनुभव

जुलै २०२५ मध्ये हरियाणातील पानिपत येथे केंद्र सरकारने सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या ऊर्जाबचतीसाठी एका नव्या योजनेचा प्रारंभ केला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोमार्फत राबविल्या जाणाऱ्या या योजनेसाठी एक हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. कमी ऊर्जेवर चालणारी यंत्रसामग्री घेण्यासाठी कर्ज काढणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के, तर मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत मिळणार आहे. काच, ओतकाम, वस्त्रोद्योग, विटा, मत्स्यव्यवसाय अशी १४ क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली आहेत. योजना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु लघुउद्योजकाची वाट नेमकी व्याजाच्या दरापाशीच अडली आहे काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मोठ्या उद्योगांची गोष्ट निराळी. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर आणि विशेषतः २०१२ पासून सिमेंट, पोलाद, खत, कागद अशा क्षेत्रांतील मोठ्या कारखान्यांना ऊर्जावापराची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. उद्दिष्टापेक्षा अधिक बचत करणाऱ्यास प्रमाणपत्रे मिळत आणि मागे पडणाऱ्यास ती विकत घ्यावी लागत. अशा कारखान्यांत स्वतंत्र ऊर्जा व्यवस्थापक असतो, मोजमापाची साधने असतात, बँका दारी येतात. ओतकामाच्या छोट्या कारखान्याचा मालक मात्र स्वतःच व्यवस्थापक, स्वतःच विक्रेता आणि प्रसंगी स्वतःच कारागीर असतो. नवे यंत्र फसले तर त्याचा एक हंगाम बुडतो. म्हणून तो शेजाऱ्याकडे पाहतो आणि शेजारी त्याच्याकडे पाहत असतो.

ही कोंडी कशी फुटते, याचे एक बोलके उदाहरण आपल्या देशातच आहे. आग्र्यापासून सुमारे ४० किलोमीटरवरील फिरोजाबाद हे शहर काचेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील भट्ट्या कोळशावर धगधगत. ताजमहालाच्या संगमरवरावर प्रदूषणाचा परिणाम होत असल्याच्या तक्रारीवरून दीर्घकाळ चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. ताजभोवतीच्या संरक्षित पट्ट्यातील उद्योगांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे, अन्यथा स्थलांतर करावे, असा त्याचा आशय होता. हवा स्वच्छ व्हावी हे सर्वांनाच मान्य होते, पण भट्टी विझली तर तिच्यावर पोट असलेल्या हजारो कुटुंबांचे काय, हा प्रश्नही उभा राहिला.

पहिला उपाय कारखानदारांनी स्वतःच शोधला. कोळशाच्या जुन्याच भट्टीत त्यांनी वायूचे बर्नर बसविले. धूर कमी झाला खरा, पण भट्टीची रचना कोळशासाठी झालेली असल्याने महागडा वायू अकारण जळू लागला. केवळ इंधन बदलल्याने उद्योग कार्यक्षम होत नाही, हे येथे ध्यानात येते. त्यावेळी टाटा एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने स्विस सरकारच्या विकासविषयक विभागाच्या साहाय्याने वायूसाठी स्वतंत्र भट्टी तयार केली आणि २००० मध्ये ती फिरोजाबादमध्ये पेटली. तिच्यातील मुख्य युक्ती अगदी साधी होती. धुराड्यातून बाहेर पडणारा तप्त वायू आपल्याबरोबर पुष्कळ उष्णता वाया नेतो. त्या वाटेवर उष्णता परत मिळविणारे उपकरण बसवून ज्वलनासाठी आत येणारी हवा आधीच तापविली, की तेवढे इंधन वाचते. कोळशाच्या भट्टीच्या तुलनेत नव्या भट्टीला सुमारे निम्मी ऊर्जा पुरू लागली.

यंत्र तयार झाले, पण खरे काम त्यानंतरचे होते. नवी भट्टी प्रयोगशाळेत न उभारता चालू कारखान्यात उभारण्यात आली. तिची काच इतरांच्या काचेइतकीच चांगली निघते, हे शेजारच्या मालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. स्थानिक मिस्त्रींना ती बांधण्याचे शिक्षण मिळाले. अभियंते वर्षानुवर्षे येत-जात राहिले आणि हळूहळू शहरातील इतर कारखान्यांनीही ही भट्टी स्वीकारली. कोणताही अनुदानाचा आकडा या विश्वासाची जागा घेऊ शकला नसता, असे आमचे मत आहे.

या यशाला एक काळी किनारही आहे, ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. बांगडी कारखान्यात पूर्ण होत नाही. तिची टोके घराघरांत जोडली जातात आणि मग ती ‘पकाई भट्टी’त भाजली जाते. या छोट्या भट्ट्या बहुधा वस्तीतच असत. वायूची नळी आधी कारखान्यांच्या दारी गेली. पकाई भट्ट्या पुढे कित्येक वर्षे कोळसा आणि लाकडावरच चालल्या आणि त्यांचा धूर तेथील कामगारांच्या छातीत जात राहिला. तंत्रज्ञान तयार असूनही साखळीतील सर्वांत दुबळ्या दुव्यापर्यंत ते सर्वांत शेवटी पोहोचले.

आता महाराष्ट्राकडे वळू. कोल्हापूर परिसरातील फौंड्रींचा लौकिक देशभर आहे. कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीत हवा एका रांगेतील नळ्यांऐवजी दोन रांगांतून सोडली, तर खाली अर्धवट जळालेला वायू वर पूर्णपणे जळतो आणि कोकची लक्षणीय बचत होते. याच संस्थेने हे तंत्र १९९८ मध्ये हावड्यात दाखवून दिले होते. भट्टी नसलेल्या कारखान्यातही वाव मोठा आहे. सात बार दाबाच्या हवेच्या नळीला तीन मिलिमीटरचे छिद्र पडले, तर निसटणारी हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसरला तीन किलोवॅटहून अधिक शक्ती खर्चावी लागते. कारखाना वर्षातले ३०० दिवस अहोरात्र चालत असेल, तर वीस हजारांहून अधिक युनिट त्या एका छिद्रातून उडून जातात. कारखान्यात फुसफुस आवाज येत असतो, पण तो कोणालाच खटकत नाही. पंखे आणि पंप यांचेही तसेच. त्यांचा वेग पाचव्या हिश्श्याने कमी करता आला, तर विजेची गरज जवळजवळ निम्म्यावर येते. वेग नियंत्रित करणारी साधने आज बाजारात सहज मिळतात. तरीही अनेक ठिकाणी मोटर पूर्ण वेगाने फिरवून प्रवाह झडपेने अडविला जातो.

यात हवामानाचाही प्रश्न गुंतलेला आहे. आपल्या देशात अजूनही सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून तयार होते आणि दर युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने वर उल्लेखिलेले एक छिद्र वर्षाला सुमारे चौदा-पंधरा टनांना कारणीभूत ठरते. छतावर सौरपट्ट्या बसविण्याचा उत्साह आज सर्वत्र दिसतो आणि तो योग्यच आहे. पण गळकी नळी तशीच ठेवून वर सौरपट्ट्या बसविणे म्हणजे फुटक्या घागरीसाठी नवी विहीर खोदणे होय.

नव्या योजनेत ऊर्जातपासणी, प्रकल्प अहवाल आणि बसविलेल्या यंत्राची नंतरची पडताळणी यांचा समावेश आहे, ही जमेची बाजू. वसई-पालघर पट्ट्याच्या दृष्टीने दोन गोष्टी पाहाव्या लागतील. मत्स्यव्यवसाय निवडलेल्या क्षेत्रांत आहे. मच्छीमार नौकांना बर्फ पुरविणाऱ्या कारखान्यांत शीतकरणाच्या नळ्यांवर बसलेला क्षार काढणे आणि टाक्यांचे उष्णतारोधक आवरण बदलणे एवढ्यानेही विजेचे बिल खाली येऊ शकते. हे काम कारखानानिहाय दाखवून कोण देणार? दुसरी गोष्ट औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांची. गाळा एकाचा, यंत्रे दुसऱ्याची आणि भाडेकरार काही महिन्यांचा, अशी स्थिती असताना वायरिंग आणि हवेची नळी कोण बदलणार? मालकाला बिल भरावे लागत नाही आणि भाडेकरूला पुढल्या वर्षी आपण तेथे असू याची खात्री नसते. शिवाय कर्जासाठी बँक तारण मागते, आणि नेमके तेच भाड्याच्या गाळ्यातील उद्योजकाजवळ नसते. योजनेची मुदत २०२७-२८ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. तोवर किती कर्जे मंजूर झाली याचा आकडा जाहीर होईलच. त्यांतील किती कर्जे भाड्याच्या गाळ्यांतील उद्योगांना मिळाली, याचीही स्वतंत्र नोंद सरकारने ठेवावी आणि ती दरवर्षी प्रसिद्ध करावी.