पाण्याखाली जीव घाबरला तर?

डिसेंबरच्या सुट्ट्या किंवा मे महिना जवळ आला की दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या घरांत समुद्रावर जाण्याचे बेत सुरू होतात. कुणी गोव्याला जाते, कुणी अंदमानला. मूळची कोकणातली मराठी कुटुंबे गावी जाता-जाता दोन दिवस मालवण-तारकर्लीला काढतात. अलीकडे या बेतात स्कूबा डायव्हिंग हमखास असते. मुलांनी फोनवर रंगीत माशांच्या चित्रफिती पाहिलेल्या असतात, पैसे आगाऊ भरून झालेले असतात आणि घरातली एखादी व्यक्ती सगळ्यांबरोबर 'हो' म्हणते खरी, पण तिला रात्री झोप लागत नाही.

ती व्यक्ती म्हणजे आईच असते असे नाही. रोज व्यायामशाळेत जाणारा धट्टाकट्टा मुलगाही असू शकतो. पाण्याखाली श्वास कोंडला तर? मास्कमध्ये पाणी शिरले तर? वर येता आले नाही तर? असे प्रश्न मनात येणे हा भित्रेपणा नव्हे. माणूस पाण्यात श्वास घेणारा प्राणी नाही, हे शरीराला चांगले ठाऊक असते. धोका भीती वाटण्यात फारसा नाही. ती लाजेखातर लपवून पाण्यात उतरण्यात आहे.

भीती सगळ्यांनाच

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी हौशी डायव्हरांमधील भीतीचा बराच अभ्यास केला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार, पाहणीतील निम्म्याहून अधिक डायव्हरांना पाण्याखाली कधी ना कधी घबराटीचा किंवा तिच्या अगदी जवळ जाणारा अनुभव आला होता. हे लोक नवशिके नव्हते. म्हणजे 'सराव झाला की भीती कायमची जाते' ही समजूत खरी नाही. सरावाने जाते ती भीतीपुढची हतबलता.

दिल्लीतच याचे चांगले उदाहरण आहे. उंच कड्यांवरून, इमारतींवरून पॅराशूट घेऊन उडी मारणाऱ्या भारतातील पहिल्या महिला म्हणून अर्चना सरदाना ओळखल्या जातात. आकाशाला न घाबरणाऱ्या अर्चना यांना पाण्याची मात्र भीती होती. स्कूबाचा प्राथमिक अभ्यासक्रम इतर लोक चार दिवसांत संपवतात. त्यांना कितीतरी अधिक दिवस लागले. पुढे त्याच स्कूबाच्या प्रशिक्षक झाल्या. वेळ जास्त लागला म्हणून त्यांचे काही अडले नाही. धाडसी माणसालाही एखाद्या ठिकाणी वेळ लागू शकतो, एवढे लक्षात ठेवले तरी मनावरचे अर्धे ओझे उतरते.

शरीरात काय होते?

सिलिंडरमध्ये 'ऑक्सिजन' असतो असे बरेच जण समजतात. खरे तर हौशी पर्यटकांच्या सिलिंडरमध्ये साधी हवाच दाबून भरलेली असते. ती रेग्युलेटर नावाच्या साधनातून तोंडात येते. आपण ओढली की येते, थांबलो की थांबते. नाक मास्कमध्ये बंद असते, त्यामुळे सगळा श्वास तोंडानेच घ्यायचा आणि सोडायचा. पहिल्या काही मिनिटांत अडचण होते ती इथेच.

पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि श्वासात येणारी हवाही दुप्पट दाट असते. अशी हवा घाईघाईने, वरच्यावर ओढली तर ती नळीत आणि घशातच ये-जा करते. फुप्फुसातला कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. तो साठू लागला की 'हवा पुरत नाही' अशी भावना होते. मग माणूस आणखी जोरात श्वास ओढतो, धाप वाढते आणि घाबरणेही वाढते. हवा भरपूर असताना गुदमरल्यासारखे वाटते ते यामुळेच.

यात हवाही भराभर संपते. नेहमीच्या सिलिंडरमध्ये साधारण २२०० लिटर हवा मावते. शांत माणूस मिनिटाला २० लिटर हवा वापरतो असे धरले, तर दहा मीटरवर दुप्पट दाबामुळे ती ४० लिटर लागते. राखीव हवा बाजूला ठेवूनही चाळीस मिनिटे निघतात. घाबरून श्वास तिप्पट वाढला तर तीच हवा चौदा-पंधरा मिनिटांत संपते.

म्हणून गुदमरल्यासारखे वाटले की पहिले काम श्वास ओढण्याचे नाही, तो सोडण्याचे आहे. लांब, सावकाश, बुडबुड्यांचा आवाज ऐकत उच्छ्वास पुरा करायचा. छाती रिकामी झाली की पुढचा श्वास आपोआप खोल येतो.

वर पळणे का वाईट?

घाबरलेला माणूस दोन गोष्टी करू पाहतो. एक म्हणजे तोंडातली नळी आणि मास्क उपटून काढणे, आणि दुसरी म्हणजे श्वास रोखून वर धाव घेणे. दोन्ही जिवावर बेतू शकतात. अपघातांच्या नोंदींत बुडालेल्या डायव्हरच्या सिलिंडरमध्ये हवा शिल्लक होती, पण नळी तोंडात नव्हती, असे अनेकदा आढळले आहे.

श्वास रोखून वर येणे त्याहून फसवे. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट फुगते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटू शकते. दीड मीटरसारख्या उथळ पाण्यातही अशी इजा होऊ शकते. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम आहे: श्वास कधीही रोखू नका.

प्राणायामाची सवय असलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. त्यातला सावकाश रेचक पाण्याखाली मोठा आधार देतो. कुंभक मात्र तिथे करायचा नाही.

घबराट वाटू लागली तर

१. थांबा. हातपाय मारणे बंद करा. प्रशिक्षकाचा हात किंवा खाली सोडलेला दोर धरा.

२. नळी दातांत घट्ट ठेवा. दोन-तीन लांब उच्छ्वास सोडा.

३. नजर एकाच गोष्टीवर ठेवा. प्रशिक्षकाचे डोळे, स्वतःचे बोट, एखादा दगड, काहीही चालेल.

४. तळहात पालथा करून डावी-उजवीकडे डोलवा. याचा अर्थ 'काहीतरी बरोबर नाही.' मग अडचण कुठे आहे तिथे बोट दाखवा. कान, मास्क की छाती.

५. तरीही बरे वाटले नाही तर अंगठा वर करा. प्रशिक्षकाबरोबर, श्वास चालू ठेवत, सावकाश वर या.

अंगठ्याबद्दल आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. रोजच्या व्यवहारात वर केलेला अंगठा म्हणजे 'छान'. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' एवढाच. 'ठीक आहे' सांगायचे असेल तर अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करायचे. छायाचित्र काढणाऱ्याला हौसेने अंगठा दाखवला आणि लगेच वर आणले गेले, असे होऊ शकते. खऱ्या अडचणीत मात्र हाच अंगठा तुमचा हक्क आहे. तो कुणीही, केव्हाही, कारण न सांगता दाखवावा आणि सोबत्याने तो मानावा, अशी या खेळाची जगभरची रीत आहे.

तयारी घराजवळच्या तलावात

दिल्लीकरांना समुद्र हजारभर किलोमीटर लांब. त्यामुळे बहुतेकांची पाण्याशी पहिली गाठ सहलीच्या दिवशीच पडते. होडीत बसल्यावर पंधरा-वीस मिनिटे सूचना ऐकायच्या, अंगावर जड सामान चढवायचे आणि उतरायचे. इतक्या घाईत मन तयार होत नाही.

राजधानी परिसरातील काही जलतरण तलावांत स्कूबाचे प्राथमिक धडे मिळतात. सहलीआधी तिथे एक-दोन वेळा जाऊन यावे. ते जमले नाही तरी साध्या तलावात, छातीएवढ्या पाण्यात, सोबत कुणी असताना मास्क आणि स्नॉर्कल लावून चेहरा बुडवून श्वास घेण्याचा सराव करता येतो. जमू लागले की मास्क काढून तोच प्रयत्न करावा. नाकाला पाणी लागताच नाकाने श्वास ओढला जातो आणि ठसका लागतो. ही सवय मोडली की मास्कमध्ये पाणी शिरण्याची अर्धी भीती संपते. पाण्याखाली श्वास रोखून धरण्याच्या पैजा मात्र लावू नयेत. त्यात शुद्ध हरपू शकते. थंडीत उघडे तलाव बंद असतात, तेव्हा डिसेंबरचा बेत असेल तर हा सराव सप्टेंबरपर्यंतच उरकावा.

पर्यटकांसाठीच्या एकदाच्या 'चाचणी' बुडीला पोहता येण्याची अट नसते. प्रशिक्षक सतत सोबत असतो आणि खोली बारा मीटरपलीकडे नेत नाहीत. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात मात्र साधारण २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे यावे लागते. ज्यांचा जीव पाण्यात घाबरतो त्यांच्यासाठी घाईच्या चाचणीपेक्षा सावकाश अभ्यासक्रमच पुष्कळदा सोयीचा ठरतो, कारण त्यात प्रत्येक गोष्ट आधी उथळ पाण्यात करून घेतात.

मालवणचा समुद्र त्यासाठी चांगला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. कोळी घरांतली मुलेही आता या कामात आहेत. त्यांच्याशी मराठीत मोकळेपणी बोलता येते, ही भित्र्या माणसाला मोठीच सोय. "मी घाबरतोय, माझा हात सोडू नका," एवढे उतरण्याआधी सांगून टाकावे. पाणी कधी गढूळ असते, समोरचे नीट दिसत नाही आणि धास्ती वाढते. अशा दिवशी दुसऱ्या दिवसावर ढकलण्याची मुभा बेतात ठेवावी. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. तेव्हा परतीच्या आदला दिवस मोकळाच बरा.

डॉक्टरांपासून काही लपवू नका

उतरण्यापूर्वी तब्येतीचा अर्ज भरून घेतात. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे, फिट्स, गरोदरपण, घबराटीच्या झटक्यांवरचे उपचार, जे असेल ते खरे लिहावे. जमिनीवरही असे झटके येत असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. 'मन शांत राहील' म्हणून परस्पर एखादी गोळी घेऊन किंवा मद्य घेऊन पाण्यात उतरणे अतिशय घातक आहे. अशाने भीती झाकली जाते आणि सावधपणाही जातो.

घरच्यांनी काय करावे?

"एवढे पैसे भरलेत, आता काय घाबरतेस?" "बघ, तुझा धाकटा भाऊसुद्धा उतरला!" होडीवर अशी वाक्ये ऐकू येतात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, पण ऐकणारा माणूस लाजेने उतरतो आणि खाली गेल्यावर अंगठा दाखवायलाही लाजतो. त्याचे घाबरणे मग थेट धावपळीतूनच बाहेर येते. चाळीस सेकंदांत वर आलेल्या माणसाला हसू नये. त्याने नियम पाळला आहे. डोळे विस्फारलेले, बुडबुडे भराभर, हात सारखा मास्ककडे, पाय सायकल चालवल्यासारखे, ही घबराटीची उघड लक्षणे. एकदम गप्प आणि ताठ झालेला माणूसही घाबरलेलाच असतो. होडीवर नेहमी बोलणारा माणूस अचानक मुका झाला, तर त्याला आधी बाजूला घेऊन विचारा.

सहलीला निघण्यापूर्वी घरात सर्वांसमोर एक गोष्ट ठरवून टाका: ज्याला उतरायचे नाही तो होडीत बसेल, ज्याला अर्ध्यातून यायचे आहे तो येईल आणि त्या विषयावर जेवताना चेष्टा होणार नाही. भरलेले पैसे फार तर वाया जातील. ज्याला परत फिरण्याची मोकळीक असते, तो बहुधा शांत राहतो आणि पुष्कळदा मासे पाहूनच वर येतो.