‘संप’, ‘सुधारणा’ आणि ‘भागीदार’

९ जुलै २०२५ रोजी दहा केंद्रीय कामगार संघटनांच्या हाकेवरून देशभर सार्वत्रिक संप झाला. चार श्रमसंहिता रद्द करा, ही त्याची अग्रभागी असलेली मागणी होती. भांडवलदारी वृत्तपत्रांपैकी अनेकांनी या घटनेला नाव दिले ते मात्र ‘भारत बंद’ असे. वरवर पाहता हा शब्दाचा किरकोळ फरक वाटेल. प्रत्यक्षात या एका शब्दाने साऱ्या लढ्याचा कर्ताच बदलून टाकला. ‘संप’ म्हटले की संप कोणी केला, कोणाविरुद्ध केला आणि कोणत्या मागणीसाठी केला, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. ‘बंद’ म्हटले की दुकाने उघडी होती की मिटलेली, बसगाड्या धावल्या की थांबल्या, एवढीच चौकशी उरते. बाजार चालू दिसला की ‘बंदला अल्प प्रतिसाद’ असा मथळा देता येतो. खाणीतील, बँकेतील वा अंगणवाडीतील ज्या माणसांनी त्या दिवशी मजुरीवर पाणी सोडले, ती त्या मथळ्यात कोठेच नसतात.

हा खेळ केवळ मथळ्यापुरता राहत नाही. १९९७ साली केरळ उच्च न्यायालयाने ‘बंद’ घटनाबाह्य ठरवला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. त्या निकालातही ‘बंद’ आणि सार्वत्रिक संप किंवा हरताळ यांत फरक केला गेला होता. तेव्हा संपाला बंद म्हणणे म्हणजे कायदेशीर कृतीला बेकायदा कृतीच्या रांगेत नेऊन बसवणे होय. कित्येक शाखांच्या फलकांवरही हाच शब्द सर्रास लिहिला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

‘संप’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी एकजूट, एकविचार असा आहे. बडोदे आणि सुरत येथील मराठी कार्यकर्त्यांना हे सांगावे लागणार नाही. गुजरातीत ‘संप’ आजही त्याच अर्थाने वापरतात आणि काम बंद पाडण्याला ‘हडताळ’ म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी पत्रकांतला शब्दही ‘हडताल’च. हा शब्द हाट आणि टाळे यांपासून झाला, म्हणजे त्याचे मूळ व्यापाऱ्याच्या बंद दुकानात आहे. इंग्रजीतला शब्द १७६८ साली लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरवून ठेवली त्या घटनेपासून रूढ झाला. या दोन्ही भाषांनी काम थांबल्याची खूण टिपली. मराठीने मात्र ते ज्यामुळे थांबते त्या एकजुटीलाच नाव दिले.

गंमत अशी की कायद्यालाही हा अर्थ टाळता आलेला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील संपाच्या व्याख्येचा गाभा ‘एकत्र येऊन काम थांबवणे’ हाच होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती व्याख्या आणखी ताणली आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी मिळून किरकोळ रजा घेतली, तर तोही आता संप ठरतो. पूर्वी चौदा दिवसांच्या आगाऊ नोटिशीचे बंधन सार्वजनिक सेवांपुरते होते. ते सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू झाले असून, तडजोडीची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. म्हणजे नोटीस द्यावी, नोटीस मिळताच तडजोडीची प्रक्रिया सुरू व्हावी आणि ती सुरू होताच संप बेकायदा व्हावा! या तजविजीला सरकारी भाषेत ‘औद्योगिक शांतता’ म्हणतात.

मुंबईच्या कामगारवर्गाला ही भाषा नवी नाही. १९३८ साली काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई विधिमंडळात औद्योगिक तंट्यांबाबतचे विधेयक आणले, तेव्हाही सलोख्याचेच गोडवे गायिले गेले होते. संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे, असा रोखठोक युक्तिवाद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे केला. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप घडवून आणला. ‘शांतता’ या शब्दाचा अर्थ तेव्हाच्या गिरणी कामगाराने शब्दकोश न उघडता ओळखला होता.

‘सुधारणा’ या शब्दाचे प्रकरण अधिक गंभीर आहे, कारण मराठी मनात या शब्दाला मोठा मान आहे. आगरकरांनी १८८८ साली आपल्या पत्राचे नावच ‘सुधारक’ ठेवले. सत्यशोधक परंपरेतील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली, ती खरीखुरी सुधारणा होती. बालविवाह, केशवपन, अस्पृश्यता यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांनी आपल्या कष्टाने या शब्दाला तेज आणले. १९९१ साली नरसिंह राव सरकारने खाजगीकरणाचे आणि परकीय भांडवलाला दारे उघडण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा हे आयते तेज त्या धोरणाला मिळाले. ‘आर्थिक सुधारणा’ हा शब्दप्रयोग एकदा मान्य केला की विरोध करणारा आपोआप सुधारणाविरोधी, म्हणजे सनातनी ठरतो. वाद सुरू होण्यापूर्वीच तो हरलेला असतो. कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगी घेण्याची अट पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला लागू होती. आता ती तीनशेंवर नेली आहे, म्हणजे दोनशे कामगारांच्या कारखान्याचा मालक त्या अटीतून सुटला. यात सुधारले काय आणि कोणाचे, हे विचारल्याखेरीज हा शब्द पुढे जाऊ देता कामा नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता अमलात आल्याचे सरकारने जाहीर केले, तेही ‘सुधारणा’ म्हणूनच.

गेल्या काही वर्षांत आणखी एक शब्द रूढ झाला आहे: ‘पार्टनर’. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या, प्रवासी नेणाऱ्या तरुणांना कंपन्या भागीदार म्हणतात. भागीदाराला नफ्यात वाटा असतो आणि हिशेबाची वही पाहण्याचा हक्क असतो. या भागीदाराची मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचे, अपघातात मोडणारा पायही त्याचाच. दर मात्र कंपनी ठरवते आणि मनात येईल तेव्हा त्याची ‘आयडी’ बंद करते. सामाजिक सुरक्षा संहितेने त्याला ‘गिग कामगार’ असे नाव दिले. पण व्याख्या करताना त्याला मालक-कामगार या परंपरागत नात्याबाहेरचा ठरवले. कंपनीवर बोजा टाकला तो वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्क्यांचा, आणि त्यालाही वर मर्यादा घातली. गिरणीच्या फाटकाशी सकाळी उभा राहणारा बदली कामगार कायम कामगाराचा खाडा पडला तरच आत जाई. त्याचीही पिळवणूकच होई, परंतु निदान त्याला कोणी गिरणीचा भागीदार म्हणून फसवत नव्हते.

मालकवर्गाच्या शब्दांची अशी झडती घेताना पक्षाच्या स्वतःच्या भाषेला सूट देण्याचे कारण नाही. परिपत्रके इंग्रजी किंवा हिंदीतून येतात आणि त्यांच्या घाईघाईच्या भाषांतरांत ‘अधिशेष मूल्य’, ‘वस्तुगत परिस्थितीची परिपक्वता’ यांसारखे प्रयोग शिरतात. जुन्या मराठी कार्यकर्त्यांनी ‘वरकड मूल्य’ हा शब्द वापरला. ‘वरकड खर्च’ प्रत्येक घरात माहीत असतो. मजुरी भरून निघाल्यावर उरलेले ते वरकड, हे समजावण्यासाठी फळा-खडू लागत नाही. असा शब्द हाताशी असताना तो टाकून ‘अधिशेष’ स्वीकारणे हे पांडित्य नव्हे, निव्वळ आळस आहे.

मात्र सोपा शब्द नेहमीच निर्धोक असतो असेही नाही, आणि ‘भांडवल’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. हा शब्द बाजारातला, सर्वांच्या तोंडचा. पाच हजार रुपये गुंतवून चहाची टपरी टाकणारा म्हणतो की त्याचेही भांडवल आहे. मग त्याच्यात आणि गिरणीमालकात फरक काय तो रकमेचा, असे श्रोत्यांना वाटू लागते. भांडवल म्हणजे पैशाचा ढीग नव्हे, दुसऱ्याच्या श्रमावर वाढणारे ते एक सामाजिक नाते आहे, हा मार्क्सच्या प्रतिपादनाचा गाभा तेथेच निसटतो. अभ्यासवर्गात हा प्रश्न येतोच. अशा वेळी टपरीवाल्याला पुस्तकातील व्याख्या ऐकवण्याऐवजी दोन साध्या गोष्टी विचाराव्यात: टपरीवर पगारी माणसे किती, आणि तो स्वतः चार दिवस आजारी पडला तर गल्ल्यात काय जमते?